जुन्या टॅबवर लिनिएजओएस टाकण्याआधी

लिनिएजओएस म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकता येणारी, अँड्रॉइडवरच आधारलेली मोफत प्रणाली. आधी टॅब नीट निवड. गोखले रोडवर किंवा वाशीत सेकंडहँड घेणार असशील तर दुकानातच सेटिंग्ज उघड, 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मार आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'ओईएम अनलॉकिंग' (टॅबचं कुलूप उघडू देणारं बटण) चालू होतंय का बघ. करडं दिसलं तर तूर्त हात आखडता घे. आधीच्या मालकाचं गूगल खातंही त्याच्याकडूनच काढून घे; नाहीतर रीसेटनंतर टॅब त्याचाच पासवर्ड मागत बसेल.

रॉम, म्हणजे टॅबवर टाकायची प्रणालीची फाइल, नावावरून नाही, मॉडेलच्या कोडनेमवरून (आतल्या सांकेतिक नावावरून) घ्यायचा. वायफायवाला आणि सिमवाला टॅब दिसायला जुळे, पण कोडनेम बहुधा वेगळं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

बूटलोडर (टॅब सुरू करणारा आणि बाहेरची प्रणाली अडवणारा प्रोग्रॅम) उघडला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो आधीच दुसरीकडे कॉपी करून ठेव. सॅमसंगमध्ये बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज कायमचा उडतो, मूळ रॉम परत टाकूनही तो जुळत नाही. बँकेची ॲप्सही रुसू शकतात, तेव्हा यूपीआयचा एकुलता एक फोन यात घालू नकोस.

टॅब संगणकाला जोडायची केबल डेटावाली हवी. नुसतं चार्जिंग करणारीने 'डिव्हाइस सापडत नाही' हेच ऐकावं लागेल. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून डेस्कटॉपपेक्षा चार्ज केलेला लॅपटॉप बरा.

साइडलोड (संगणकावरून केबलने रॉम टाकणं) ४७ टक्क्यांवर थांबला तर घाबरून केबल उपटू नकोस, बहुतेक वेळा काम झालेलं असतं. टॅबच्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाच. गूगलची ॲप्स हवी असतील तर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच टाक.