आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, तरी टेरेसवरच्या कुंड्या सोडत नाही. तिच्याच भल्यासाठी तिला कसं थांबवू?

थांबवू नका. घाई असेल तर एवढं वाचून उठलात तरी चालेल.

मी ७४ वर्षांची, कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. तुमचं ते 'तिच्याच भल्यासाठी' वाचलं आणि राहवलं नाही. हेच शब्द माझ्या मुलाचे. तीन वर्षांपूर्वी मी पडले, उजवं मनगट मोडलं. पडले बाथरूममध्ये, साबणाच्या पाण्यावरून. शिक्षा झाली कुंड्यांना. मी प्लास्टर घालून आत झोपलेली असताना चिरंजीवांनी ४२ कुंड्या सोसायटीच्या माळ्याला देऊन टाकल्या. बाथरूम मात्र कुणी कुणाला दिलं नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. फिजिओथेरपीवाल्या मुलीने स्पंजचा चेंडू दिला, दिवसातून तीनदा दाबायला. म्हटलं, बाई गं, खुरपं धरत होते तेव्हा हेच फुकटात होत होतं. वर्षभर सोफ्यावर बसून मालिका बघितल्या. वजन वाढलं, जिन्यात कठडा धरावा लागायला लागला. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाची जानेवारीतली वारी मी कधी चुकवली नव्हती, त्या वर्षी गेलेच नाही. रोप आणून ठेवू कुठे?

मग शेजारच्या बाईंनी तेलाच्या डब्यात कढीपत्त्याचं रोप दिलं. वाळत घातलेल्या साड्यांमागे ते लपवून ठेवायचे. स्वतःच्या घरात चोरून पाणी घालत होते, बघा! चोरी सापडली, जुंपली. "पुन्हा पडलीस तर?" पडायचीच असेन तर सोफ्यावरून उठतानाही पडेन. पाय वापरात नसले की तोल जातो, हे माझ्या इंजिनिअर मुलाला कोण सांगणार? जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम सांगते, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. झारी उचलणं, चवड्यांवर उभं राहून वेल बांधणं म्हणजे दुसरं काय असतं? ते छापून मी फ्रिजवर चिकटवलं. अजून आहे तिथे.

आता १९ कुंड्या आहेत. तुमच्या आईंचं उकिडवं बसणं बंद करा, कुंड्या राहू द्यात. लोखंडी स्टँड करून कुंड्या कमरेच्या उंचीला आणा. मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) घाला, नाहीतर भिजलेली बारा इंची कुंडी त्यांच्याच्याने जागची हलणार नाही. झारी अर्धीच भरायची. पाच लिटर म्हणजे पाच किलो झाले की. गवती चहा, पानओवा, मायाळू, सदाफुली लावा, एखाद दिवस विसरलात तरी रुसत नाहीत.

मुलगा अगदीच चूक होता असं नाही, हेही लिहिते (तो हे वाचणार नाही). जुलैत फरशीवर शेवाळ धरतं, तेव्हा मी टेरेसवर पाऊल टाकत नाही. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वाकून झटकन उठायचं नाही, अंधारी येते. रक्त पातळ करायची गोळी असेल तर काटेरी झाडांना हातमोजे हवेतच. धनुर्वाताचं इंजेक्शन १० वर्षांच्या आतलं असावं. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आधी घरात. बशांमधलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून बशा घासायच्या, डेंगीचा डास तिथेच वाढतो. गुडघे सुजत असतील तर आधी डॉक्टर. मी शाळेत भूगोल शिकवायचे, औषधातलं मला कळत नाही.

त्या ४२ मधला माझा मोगरा, अकरा वर्षं वाढवलेला, माळ्याने गावी नेला. परत मागायला गेले तर म्हणाला, "आजी, त्याला आता आमची म्हातारी पाणी घालते." तशीच परत आले.