ढेपेतली प्रथिने आणि २.९ वर अडलेलं वाचन

प्रश्न : बी.एस्सी.चे विद्यार्थी तेलघाण्यावरच्या सोयाबीन ढेपेतली प्रथिने मोजत आहेत. १ ग्रॅम ढेप ५० मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर ढवळून गाळली. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) रिकाम्या खोबणीवर शून्य करून २८० नॅनोमीटरला वाचन घेतलं, ते २.९. अर्क दहापट पातळ केला तरी २.९च! यंत्र बिघडलं का?
— एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी क्युवेट (यंत्रात द्रावण भरून ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) तपासा. तीत नुसतं पाणी भरून वाचा. तरीही २.९ च्या आसपास आलं, तर प्रकाश क्युवेटच अडवते आहे. साधं प्लास्टिक किंवा काच २८० ला चालत नाही, क्वार्ट्झ लागतं. शून्यही त्याच क्युवेटमध्ये अर्काचं द्रावण भरून करायचं.

पण क्वार्ट्झ आणलं तरी या अर्कासाठी २८० चा नाद सोडाच. तिथे ट्रिप्टोफॅन-टायरोसिनसोबत ढेपेतली फिनॉलं आणि न्यूक्लिक आम्लंही प्रकाश शोषतात. शिवाय इतक्या अल्कलीत टायरोसिनचं शोषण २९५ कडे सरकतं, त्यामुळे शोषणावरून प्रथिनं काढायचे पुस्तकातले गुणांक लागू पडत नाहीत. ही पद्धत शुद्ध केलेल्या प्रथिनासाठी खरी.

बाययुरेट चाचणी करा. तीत अल्कलीतलं तांबं प्रथिनांशी जांभळा रंग देतं आणि तो रंग मोजतात. त्याला ५४० चा फिल्टर असलेला साधा कलरीमीटर पुरतो. कॉपर सल्फेट १.५ ग्रॅम आणि सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट ६ ग्रॅम ५०० मिली पाण्यात विरघळवा. ढवळत ढवळत १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड ३०० मिली घाला आणि पाण्याने १ लिटर करा. बोर्डो मिश्रणासाठी (पिकावर फवारायचं बुरशीनाशक) आणलेलं मोरचूद, म्हणजे शेतीचं कॉपर सल्फेट, वापरू नका, प्रयोगशाळेचंच घ्या. बाटली प्लास्टिकची हवी. तळाशी काळा किंवा लाल साका दिसला की द्रावण टाकून द्या.

१ मिली अर्कात ४ मिली अभिकर्मक (वर बनवलेलं द्रावण) घालून ३० मिनिटं ठेवा आणि वाचा. अल्ब्युमिन या शुद्ध प्रथिनाची २ ते १० मिग्रॅ/मिली मानकं (प्रमाण ठाऊक असलेली द्रावणं) त्याच ०.१ नॉर्मल द्रावणात बनवा आणि त्याच दिवशी सोबत लावा, त्यांच्या वाचनांचा आलेख काढा. जुना आलेख चालत नाही. समजा, आलेखाचा उतार दर मिग्रॅ/मिलीला ०.०५५ आला आणि अर्काचं वाचन ०.४४, तर ८ मिग्रॅ/मिली. त्याला ५० ने गुणलं की ४०० मिग्रॅ, म्हणजे ढेपेत ४० टक्के.

इथे खरा घात गढूळपणा करतो. घाण्याच्या ढेपेत तेल उरतंच, आणि गढूळ अर्क प्रथिनं फुगवून दाखवतो. ढेप आधी पेट्रोलियम ईथरने धुऊन वाळवा (खोलीतले सगळे बर्नर विझवूनच), अर्क सेंट्रिफ्यूज करा. तरी गढूळ राहिला, तर कॉपर सल्फेट न घातलेल्या अभिकर्मकात तोच अर्क वाचून ते वाचन वजा करा. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. दिवा वीस मिनिटं तापल्यावरच शून्य करा.