कोड नको, म्हणून नोड?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओ एडिटिंग बरं जमतं, पण प्रोग्रॅमिंगचा पेपर दोनदा राहिला. आता कळलं की चौकटी (म्हणजे नोड) वायरींनी जोडून व्हिडिओवर प्रक्रिया करता येते, कोड लिहावाच लागत नाही म्हणे. टचडिझायनर, मॅक्स, न्यूक, फ्यूजन अशा सॉफ्टवेअरची नावं लिहून ठेवली आहेत. कुठून सुरुवात करू? ग्राफिक्स कार्डवाल्या नव्या लॅपटॉपवरून घरी रोज वाद होतात. यात करिअर होईल का?

उत्तर : आधी लॅपटॉपचा वाद मिटवू. सध्या घेऊ नकोस. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० × १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. तेच काम ६४० × ३६० वर केलंस तर बरोबर नववा हिस्सा उरतो. शिकायला तेवढं चित्र पुष्कळ. मशीन अपुरं पडतंय हे पुढे कामातूनच कळेल, तेव्हा घरी मागताना तुझ्याकडे कारणही असेल.

तुझ्या पत्रातला ‘म्हणे’ मला आवडला. शंका तुलाही आहेच. नोड जोडणं हेही प्रोग्रॅमिंगच. फरक इतकाच की स्वल्पविराम चुकला म्हणून मशीन अडून बसत नाही आणि प्रत्येक टप्प्यावर काय झालं ते चौकटीतच दिसतं. तुझ्यासारख्या नजरेनं शिकणाऱ्यांना हा फार मोठा आधार आहे. पण कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठली वायर कुठे जाते हा विचार टळत नाही. तो टाळून कामाला लागलं की महिन्याभरात पडद्यावर वायरींचं गुंतवळ होतं आणि ते ज्याचं त्यालाही सुटत नाही.

साधनं कामावरून निवडायची, नावावरून नाही. चित्रीकरण झालेल्या दृश्यांवर सावकाश, फ्रेम-फ्रेम करून काम करायचं असेल (पार्श्वभूमी बदलणं, दोन चित्रणं बेमालूम जोडणं), तर ते कॉम्पोझिटिंग. त्यासाठी फ्यूजन घे, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ते आहे. न्यूकचीही शिकण्यापुरती फुकट आवृत्ती मिळते. कॅमेऱ्यासमोर माणूस हलला की पडद्यावर त्याच क्षणी काही घडलं पाहिजे, असं काम असेल तर टचडिझायनर, मॅक्स किंवा संपूर्ण मुक्त असलेलं प्युअर डेटा. टचडिझायनरची फुकट आवृत्ती १२८० × १२८० पर्यंतच चित्र देते आणि तिच्यावर पैशाचं काम करता येत नाही. शिकायला अडचण नाही. तू एडिटिंग करतेस म्हणून पहिल्या वाटेला जावंसं वाटेल, पण सुरुवातीचे दोन महिने दुसऱ्या वाटेवर काढ असं माझं मत आहे. चूक तिथे लगेच दिसते.

पहिला पॅच, म्हणजे नोडांची जोडणी, हालचाल ओळखण्याचा कर. वेबकॅमचं चित्र घे. त्याला दोन वायरी लाव, एक थेट आणि एक कॅशेमधून (हा नोड मागच्या फ्रेम साठवून ठेवतो), म्हणजे एक फ्रेम मागे. दोन्ही डिफरन्स नोडमध्ये सोड, तो दोन चित्रांतला फरक काढतो. जे हललं नाही ते काळं, जे हललं ते उजळ. पुढे थ्रेशोल्ड, म्हणजे ठरावीक पातळीखालचा फरक काळा करणारा नोड लाव, नाहीतर कॅमेऱ्याचे बारीक दाणेही हालचाल म्हणून मोजले जातील.

आणि इथेच तुझं चित्र लुकलुकायला लागेल. घाबरू नकोस. टचडिझायनर मुळात सेकंदाला ६० फ्रेमवर चालतं आणि बहुतेक वेबकॅम ३० देतात. म्हणजे प्रत्येक चित्र दोनदा येतं आणि दर दुसऱ्या वेळी फरक शून्य निघतो. कॅशे दोन फ्रेम मागे ने, लुकलुक थांबेल. कोणी कॅमेऱ्यासमोर आल्यावर सगळं चित्र ‘हललं’ तर दोष कॅमेऱ्याच्या आपोआप बदलणाऱ्या एक्स्पोजरचा. ते बंद कर.

मग या उजळ भागाला फीडबॅक दे : मागची फ्रेम थोडी मंद करून नव्या फ्रेममध्ये मिसळायची. गुणक ०.९५ ठेवलास तर ६० फ्रेमनंतर, म्हणजे सेकंदाभरात, जुन्या उजेडाचा जेमतेम ५ टक्के भाग उरतो. ०.९९ ठेवलास तर निम्म्याहून जास्त. हाताच्या मागे लांब शेपटी उमटेल, छान दिसेल, पण ती पूर्ण विझणार नाही. करडं भूत मागे राहील. कारण ८ बिटमध्ये पिक्सेलच्या उजेडाची मूल्यं पूर्णांकात साठतात. ४० ला ०.९९ नं गुणलं की ३९.६ येतात आणि पूर्णांक करताना त्याचे पुन्हा ४० होतात. पिक्सेल फॉरमॅट १६ बिट फ्लोट कर, म्हणजे अपूर्णांकही साठतील आणि भूत जाईल. हे कारण स्वतः शोधून काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी डोळे झाकून पुढे पाठवतो.

करिअरबद्दल थोडक्यात. कॉम्पोझिटिंगचं काम स्टुडिओत असतं, पदं ठरलेली, चढायच्या पायऱ्याही ठरलेल्या. रंगमंच, प्रदर्शनं, संगीताचे कार्यक्रम इथलं काम बहुतांशी प्रकल्पापुरतं असतं आणि ते ओळखीतून व केलेल्या कामातून मिळतं. महिन्याच्या महिन्याला पगार हवा असेल तर हे आत्ताच ध्यानात घे. दोन्हीकडे मिनिटभराचं शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ लागतो. त्यात झगमगाटाबरोबर पॅचही दाखव. तो नीटनेटका असेल तर जाणकार तिथेच थांबून बघतो.

एकाच साधनावर जन्माची गाठ बांधू नकोस. ॲपलनं २००५ मध्ये मॅकवर क्वार्ट्झ कंपोझर हे असंच नोडचं साधन आणलं, अनेकांनी त्यावर आपलं काम उभं केलं, पुढे ॲपलनंच ते मोडीत काढलं. फीडबॅक आणि थ्रेशोल्ड कळलेले लोक दुसरीकडे गेले आणि कामाला लागले.

राहता राहिला कोड. टचडिझायनर आणि न्यूक दोन्हींत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. पन्नास नोड एकसारखे बदलायचे म्हटलं की दोन ओळींचा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड) लिहावासा वाटतोच. फीडबॅकमध्ये तू लूपच फिरवलेला असशील, फक्त वायरीनं. म्हणून तो राहिलेल्या पेपरचा अर्ज या वेळी भरून टाक.