जुन्या ई-कारच्या बॅटरीत दम किती?

प्रश्न : पाच वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक कार घ्यायचा विचार आहे. बॅटरीची तब्येत ९४ टक्के आहे, असं विकणारे गृहस्थ सांगतात. अ‍ॅपवर तसा आकडाही दाखवला. पूर्ण चार्जला रेंजही भरपूर दिसते. विश्वास ठेवावा का?

उत्तर : गृहस्थांवर ठेवा, आकड्यावर नको. ते ९४ टक्के म्हणजे गाडीच्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमने बांधलेला अंदाज. अ‍ॅप तेवढाच वाचून दाखवतं. काही गाड्यांत तो रीसेटही करता येतो. रेंजचं तर बोलूच नका, आठवडाभर गाडी सावकाश हाकली की ती आपोआप फुगते.

मी विजेच्या मीटरचं ऐकतो. गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवा, एसी चार्जरला लावा, १०० होऊ द्या आणि किती युनिट गेले ते बघा. समजा, नवी असताना बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता ४० युनिट होती. मीटरवर ३३ युनिट पडले, तर त्यातला साधारण दहावा हिस्सा चार्जिंगमध्येच उष्णता होऊन गेला. बॅटरीत पोचले ३० च्या आसपास. हे ९० टक्क्यांचे, म्हणजे पूर्ण बॅटरी ३३ युनिटची. तब्येत झाली ८३ टक्के! साध्या प्लगवर संथ चार्जिंग केलंत तर चार्जिंगमधली ही घट जास्त धरा. थंडीत बॅटरी कमी भरते, तेव्हा कडाक्याच्या गारठ्यात ही परीक्षा घेऊ नका. आणि बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आधी एकदा १०० टक्के भरून घ्या; एरवी तिचा टक्क्यांचा काटाच भरकटलेला असतो.

खरी मेख सेलमध्ये असते. सेल एकामागोमाग जोडलेले, त्यामुळे सगळ्यांत अशक्त सेल दमला की गाडी थांबते. मध्यंतरी एक गाडी पाहिली : भरलेली असताना स्क्रीनवर सेलच्या व्होल्टेजच्या सगळ्या पट्ट्या एका रेषेत. १५ टक्क्यांवर चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर एकच पट्टी धपकन खाली आली. पाय काढला की पुन्हा वर. म्हणून ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून आतली माहिती फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून व्होल्टेज बघायचं ते बॅटरी उतरल्यावर आणि जोर लावून. फरक थोडा असणारच, पण दर वेळी तोच सेल पडत असेल तर नमस्कार करून निघा.

बॅटरीला बहुतेक कंपन्यांची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, बहुधा ७० टक्के क्षमतेच्या हमीसह. तुमच्या गाडीची अजून तीन वर्षं शिल्लक असू शकतील. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे कंपनीकडून लेखी घ्या.