फूट खराब की पोटखराब?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्या जमिनीच्या कन्नड उताऱ्यात 'फूट खराब' असा रकाना आहे आणि आजा मात्र त्याला 'पोटखराब' म्हणतो. फूट म्हणजे मापाचा फूट, की जमीन फुटून खराब झालेली? आणि पोट म्हणावं तर जमिनीला पोट कुठलं?

तुमचा आजा बरोबर आहे. कर्नाटकच्या १९६६ च्या जमीन महसूल नियमांतही हा शब्द 'पोट खराब' असाच येतो. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, आणि मोजणीची बरीचशी बोली मराठीतून आली. 'उतारा' हा शब्द तर आपल्याकडचे कन्नड शेतकरीही सर्रास वापरतात. तसाच 'पोट खराब' कन्नड दप्तरात गेला आणि लिहिणाऱ्यांच्या हातून 'पोट'चं 'फूट' झालं असावं, असं मला वाटतं. मापाच्या फुटाशी त्याचा संबंध नाही. तिथला हिशेब एकर-गुंठ्यांतच असतो. समजा एकूण क्षेत्र २ एकर १० गुंठे आणि त्यात खराब ६ गुंठे, तर उरलं २ एकर ४ गुंठे. आकार, म्हणजे शेतसारा, बसतो तो या उरलेल्यावर.

आता जमिनीचं पोट. मराठीत पोट म्हणजे नुसता जेवण मावणारा अवयव नव्हे. जे आत मावतं, मोठ्याच्या आत धाकटं असतं, त्या सगळ्याला आपण पोट लावतो. जातीच्या आत पोटजात, कलमाच्या आत पोटकलम, भाडेकरूनं स्वतः भाड्यानं घेतलेल्या जागेत ठेवलेला पोटभाडेकरू, सर्व्हे नंबराच्या आत पोटहिस्सा. पोटमाळाही घराच्या आतच. म्हणून पोटखराब म्हणजे तुमच्याच नंबराच्या पोटात असलेला, पण पिकाखाली धरला न गेलेला तुकडा. जमिनीचं पोट बिघडलंय असा त्याचा अर्थ नाही!

गंमत अशी की कन्नडमधलं 'होट्टे' हे आपल्या पोटाचं सख्खं भावंड दिसतं. जुन्या कन्नडमधला 'प' पुढे 'ह' झाला: पालुचं हालु (दूध), तसंच पोट्टेचं होट्टे. तेलुगूत आजही 'पोट्ट' म्हणतात, आणि आपल्याकडे प्राकृतातून 'पोट्ट' आलं. वळणंही जुळतात. मराठीत दुसऱ्याचं बरं बघून पोटात दुखतं, कन्नडमध्ये 'होट्टेकिच्चु', म्हणजे पोटातला जाळ. आपण चूक 'पोटात घाला' म्हणतो, ते 'होट्टेगे हाकिकोळ्ळी' म्हणतात, शब्दाला शब्द तेच. पोटापाण्याच्या धंद्याला 'होट्टेपाडु'. कोणी कोणाकडून घेतलं हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. एकाच बाजारात शेजारी बसणाऱ्यांची भाषा अशी व्हायचीच.

पण धाकटेपणाचा अर्थ होट्टेला नाही. पोटनिवडणुकीला कन्नडमध्ये 'उपचुनावणे' म्हणतात, तिथे होट्टे चालत नाही. दप्तरातलं 'पोट' कन्नड माणसाला म्हणूनच परकं वाटलं असेल, आणि त्याचं फूट होणं सोपं झालं असेल.

एक बारकावा लिहिताना सांभाळा. 'पोटचा' आणि 'पोटाचा' वेगळे. पोटचा मुलगा म्हणजे स्वतःचा, पोटाचा विकार म्हणजे दुखणं. 'पोटी' तर आता शब्दयोगी अव्ययच झालंय: भीतीपोटी गप्प बसला, भाड्यापोटी रक्कम दिली. यात पोट आता कुणाला जाणवतही नाही.

शेतकऱ्याला अर्थात सगळ्यांत जवळचं पोट निराळंच. भाताची लोंबी पानाच्या आवरणात असते, रोपाचं ताट, म्हणजे दांडा, फुगतं, तेव्हा आपण म्हणतो 'भात पोटरीत आलंय'. पायाच्या पोटरीसारखा तो फुगवटा, आणि आत गर्भ. इथे बाईचं पोट, पायाची पोटरी आणि भाताचं ताट एकाच शब्दात येतात. मला तरी हा पोटाचा सर्वांत सुंदर उपयोग वाटतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की खळं चांगलं वापरात असून ते 'खराब'मध्ये कसं. नियमात पोटखराबाचे अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. मोजणीच्या वेळी लागवडीला अयोग्य ठरलेली जमीन, आणि तिच्यासोबत मालकाचं खळं नि शेतातली घरं, ही अ मध्ये. रस्ता, सार्वजनिक तळं, स्मशान असलं ब मध्ये. म्हणजे इथे 'खराब'चा अर्थ एवढाच, की त्यावर पीक धरलेलं नाही.