वाचकांचे प्रश्न : फोटो कोणाच्या कॅमेऱ्यातला?

प्रश्न : नववीच्या वर्गाला नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर प्रकल्प दिला होता. बहुतेक तक्त्यांवर मृतदेहांचे फोटो आले, आणि ऑशविट्झ या नाझी छावणीतल्या बळींचा आकडा कोणी ४० लाख लिहिला, कोणी ११ लाख. मुलांना नीट शोध घ्यायला कसं शिकवावं?

उत्तर : आधी आकडा. ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मेली. त्यांतले जवळपास १० लाख ज्यू होते. ४० लाखांचा अंदाज १९४५ साली सोव्हिएत चौकशी आयोगाने मृतदेह जाळण्याच्या भट्ट्यांच्या क्षमतेवरून काढला होता. पुढे इतिहासकारांनी छावणीत आलेल्या गाड्यांच्या नोंदी तपासून तो सुधारला. चौकस मूल लगेच विचारेल, मग संहारात मेलेल्या ज्यूंची ६० लाख ही एकूण संख्या का कमी झाली नाही? कारण ती त्या ४० लाखांवर उभीच नव्हती. देशवार लोकसंख्या आणि हद्दपारीच्या नोंदींवरून ती काढलेली आहे. संहार नाकारणारे नेमकी हीच वजाबाकी पुढे करतात, म्हणून हा हिशेब फळ्यावर एकदा मांडाच.

आता प्रकल्प. ‘ज्यूंचा संहार’ हा विषय चौदा वर्षांच्या मुलाला पेलत नाही, म्हणून ते हाताला लागेल ते डकवतं. एक ठिकाण, एक काळ आणि एकच प्रश्न द्या. उदाहरणार्थ, जर्मनीत ज्यू मुलांची शाळा कशी सुटत गेली? एप्रिल १९३३ च्या कायद्याने वरच्या शाळांमधल्या नव्या प्रवेशांत ज्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवर आणलं, पण पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांच्या मुलांना सूट होती. १५ नोव्हेंबर १९३८ रोजी उरलेल्या ज्यू मुलांनाही सरकारी शाळांतून काढलं. ती सूट आधी का ठेवली आणि पुढे का राहिली नाही, एवढ्या धाग्यावर दोन मुलांच्या गटाला तीन आठवडे पुरतात.

प्रत्येक गटाने किमान दोन मूळ साधनं वाचावीत : एक छळणाऱ्यांचं, एक छळ सोसणाऱ्यांचं. नुसती सरकारी कागदपत्रं वाचली की मुलं नकळत त्यांचीच भाषा उचलतात. ज्यूंच्या संहाराची आखणी करायला नाझी अधिकारी जमले त्या २० जानेवारी १९४२ च्या वान्झे बैठकीच्या इतिवृत्तात ज्यूंना पूर्वेकडे ‘हलवण्याचा’ उल्लेख आहे. तो शब्दशः घेतला तर हत्येचं स्थलांतर होऊन बसतं. असे शब्द वहीत वेगळे लिहून समोर खरा अर्थ लिहायला लावा. जोडीला वॉर्सा घेट्टोतला, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला, इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या सहकाऱ्यांचा गुप्त संग्रह घ्या. पत्र्याच्या पेट्या आणि दुधाचे कॅन यांत पुरलेले ते कागद १९४६ आणि १९५० साली सापडले. आपल्यामागे आपली हकीकत मारेकऱ्यांनीच सांगू नये, यासाठी त्या माणसांनी जीव धोक्यात घातला होता. मुलांना हे जरूर सांगा.

फोटोंसाठी मी कडक नियम सुचवतो. कोणी काढला, केव्हा, कुठे, कशासाठी आणि मूळ प्रत कुठे आहे, या पाचपैकी किमान तीन उत्तरं मिळाल्याशिवाय फोटो तक्त्यावर लागणार नाही. १९४४ मध्ये ऑशविट्झला उतरलेल्या हंगेरियन ज्यूंचे प्रसिद्ध फोटो एसएसच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या, लोकांनी काढले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑशविट्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊतल्या कैद्यांनी लपूनछपून चार फोटो टिपले. छापताना त्यांच्या कडा अनेकदा कापल्या गेल्या. फोटो दाराआडून घेतला होता हे सांगणारा काळोखच त्यात नाहीसा झाला. नग्न किंवा मृत देहांचे फोटो मात्र तक्त्यावर नकोतच. त्या माणसांची परवानगी कोणी घेतली नव्हती.

याद वाशेम या जेरुसलेममधल्या स्मारक-संस्थेकडच्या बळींच्या नावांच्या सूचीत शोधताना एक चूक हमखास होते : नोंदी मोजून त्यांनाच माणसं समजणं. एकाच व्यक्तीची माहिती दोन नातेवाइकांनी भरली असेल तर नोंदी दोन होतात. गावांचंही तसंच : लेंबर्ग, ल्वुव आणि ल्विव हे एकच शहर. प्रत्येक नाव दोन-तीन स्पेलिंगांनी शोधायला लावा, आणि जन्मवर्ष व गाव जुळल्याशिवाय ‘हीच ती व्यक्ती’ असं लिहू देऊ नका.

प्रश्न : घेट्टोतल्या मुलाची काल्पनिक रोजनिशी लिहायला सांगितली तर सहानुभूती वाढेल ना?

उत्तर : नका सांगू. खऱ्या रोजनिश्या उपलब्ध असताना आपण खोटं साधन तयार करायला शिकवतो, आणि मुलाला वाटतं की त्याला ती वेदना कळली. घेट्टो किंवा छावणीचं नाट्यरूपही टाळा. खऱ्या रोजनिशीतलं एक पान द्या आणि लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होतं, काय नव्हतं, एवढंच शोधायला सांगा. पुढचं आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ‘ते पळून का गेले नाहीत?’ असं मुलं पटकन म्हणतात. तेव्हा व्हिसा कोण देत होतं, सीमा कधी बंद झाल्या, हे त्यांच्याकडूनच तारखांनिशी काढून घ्या.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी?

उत्तर : १९३३ च्या, म्हणजे नाझी सत्तेवर येण्याच्या, आधीपासून. पोलंडमध्ये तेव्हा तीस लाखांहून अधिक ज्यू होते. त्यांची यिद्दिश या त्यांच्या भाषेतली वर्तमानपत्रं होती, नाटकं होती, आपसांत भांडणारे राजकीय पक्ष होते. पहिले दोन तास यालाच द्या.