कापड दुकानदार नगरसेवक होतो तेव्हा

प्रश्न: मी नोकरीसाठी न्युरेंबर्गला राहतो. इथल्या 'व्योर्ल' या कपड्यांच्या मोठ्या दुकानवाल्यांची सून आधी नगरसेविका होती आणि मग खासदार होऊन बर्लिनला गेली, असं ऑफिसमधल्या एकाने सांगितलं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात कापड दुकानदार नगराध्यक्ष होतो तसलाच प्रकार का हा? आणि मला इथे मत देता येईल का? – एक वाचक

उत्तर: ऐकलंत ते खरंय, फक्त १९९४ ला त्या खासदार झाल्या तेव्हा संसद बॉनला होती, बर्लिन नंतर. दुकान रुडॉल्फ व्योर्ल यांनी १९३३ मध्ये काढलं. मुलगा हान्स रुडॉल्फ यांना कपड्यांइतकंच विमानांचं वेड, २००३ मध्ये त्यांनी ब्रिटिश एअरवेजची तोट्यातली जर्मन कंपनी नावापुरत्या १ युरोला घेतली होती! त्यांच्या पत्नी डागमार व्योर्ल, पेशाने वकील, १९७७ च्या मिस जर्मनी, सीएसयू पक्षाकडून १९९० ते १९९४ शहराच्या कौन्सिलवर होत्या आणि पुढे २०१७ पर्यंत खासदार.

आता तसलाच प्रकार का, तर अर्धा हो. दुकानदाराला सगळं गाव ओळखतं हे दोन्हीकडे सारखंच, पण बव्हेरियात, म्हणजे न्युरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, त्या ओळखीची मतं कशी होतात ते बघण्यासारखं आहे. न्युरेंबर्गच्या कौन्सिलमध्ये ७० जागा, म्हणून प्रत्येक मतदाराला ७० मतं, आणि मतपत्रिका उघडली की चादर अंथरल्यासारखी टेबलभर पसरते. एका उमेदवाराला जास्तीत जास्त ३ मतं देता येतात, शिवाय या पक्षाचे दोन, त्या पक्षाचे पाच असं मिसळताही येतं, फक्त बेरीज ७० च्या वर गेली की मतपत्रिका बाद. त्यामुळे पक्षाने यादीत तळाला टाकलेला बेकरीवाला, डॉक्टर किंवा शर्ट विकणारा माणूस निव्वळ ओळखीवर वर सरकून निवडून येऊ शकतो. छोट्या गावांत तर हे फारच चालतं.

बरं, ही पूर्ण वेळची नोकरी नाही. महापौर सोडला तर बहुतेक सदस्य मानधनावर काम करतात, म्हणजे सकाळी गल्ल्यावर आणि संध्याकाळी मीटिंगला. मग स्वतःच्या दुकानाचं भलं करून घेणार नाहीत का, ही शंका आलीच असेल. त्यासाठी नियम आहे, एखाद्या ठरावाने सदस्याचा, त्याच्या नवरा-बायकोचा किंवा जवळच्या नातेवाइकांचा थेट फायदा-तोटा होत असेल तर त्याने चर्चेतही बसायचं नाही आणि मतही द्यायचं नाही. म्हणजे दुकानाशेजारची पालिकेची जागा त्यालाच विकायचा विषय निघाला तर हा बाहेर. पण 'थेट' या शब्दात पळवाट आहे बघा. बव्हेरियात दुकानं रविवारी बंद असतात, जत्रा-बाजाराच्या निमित्ताने वर्षातून जास्तीत जास्त ४ रविवार उघडायची परवानगी पालिका देते, आणि त्याचा फायदा सगळ्याच दुकानदारांना होत असल्याने अशा वेळी दुकानदार सदस्याला सहसा कुणी उठवत नाही. मला तरी हे थोडं खटकतं, पण मग शिक्षकाने शाळांच्या बजेटवर बोलायचं नाही का, असंही कुणी विचारेल.

आणि राजकारणामुळे दुकान तरतं असंही नाही हां. २०१६ मध्ये सूनबाई खासदार असतानाच व्योर्ल कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावं लागलं, पुढच्या वर्षी संस्थापकांच्या नातवाने, क्रिस्टियान ग्राइनर यांनी ती घेतली म्हणून दुकानं टिकली.

तुमच्या मताचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर नाही. स्थानिक निवडणुकीत इटली-पोलंडवाल्यांना, म्हणजे युरोपियन युनियनच्या नागरिकांना मत आहे, आपल्याला नाही. जर्मन नागरिकत्व आता साधारण ५ वर्षांनी मागता येतं आणि जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात, पण भारताला चालत नाहीत, त्यामुळे आपला पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं, भारतात येण्या-राहण्याच्या परवानगीचं कार्ड) काढावं लागेल. घरी विचारून ठरवा.